जुन्या गाडीचं गिअर ऑइल बदलू की आहे तसंच राहू देऊ? (दुसरा गिअर सकाळी पडतच नाही)

शंकासुर

मंडळी, सल्ला हवाय. गाडी मॅन्युअल आहे, पुढची चाकं ओढणारी, वय झालंय आणि मीटर अडीच लाख किमीच्या पुढे गेलाय. मी सेकंडहँड घेतलेली, आधीच्या मालकाने गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं का याची कुठे नोंद नाही, बहुतेक कंपनीतून आलेलंच असणार. त्रास असा की सकाळी गाडी गार असताना पहिल्यावरून दुसऱ्यात टाकायला गेलं की अडतो, जोर केला तर खर्रर्र. थोडी चालली, तापली की बऱ्यापैकी मऊ होतो. शिवाय पाचव्यात एक बारीक हूंऽऽ असा आवाज सतत येतो.

एक मिस्त्री म्हणतो, जुनं ऑइल आहे तेच राहू द्या, एवढ्या चाललेल्या गाडीत नवीन टाकलंत तर गिअरबॉक्स बसेल. दुसरा म्हणतो लगेच बदला आणि सगळ्यात भारीतलं सिंथेटिक टाका. ऐकायचं कुणाचं? इंजिन ऑइल मी घरीच बदलतो, गिअरबॉक्सला मात्र आजवर हात लावलेला नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पाना_सोळा

बदला. पहिला मिस्त्री सांगतोय ती भीती ऑटोमॅटिक गाड्यांची आहे, मॅन्युअलला उगाच चिकटलीय. ऑटोमॅटिकमधे क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात, त्यांचा भुगा तेलात मिसळतो, आणि झिजलेल्या प्लेटांना त्या भुग्याचीच पकड मिळत असते, नवीन तेल टाकलं की ती जाते, असं म्हणतात. ते कितपत खरं यावरही लोक भांडतात. पण तुमच्या गाडीचा क्लच बाहेर, कोरडा. गिअरबॉक्सच्या आत आहेत गिअर, बेअरिंगं आणि पितळी रिंगा. यातलं काहीही जुन्या घाण तेलामुळे टिकून बिकून राहिलेलं नसतं. उलट बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सला फिल्टरच नसतो, असलं तर एक लोहचुंबक असतं खाली, म्हणजे अडीच लाखात जे काही झिजलं त्यातलं चुंबकाला जे सापडलं नाही ते सगळं बेअरिंगमधून गोल गोल फिरतंय. ते आत ठेवण्यात कसलं शहाणपण?

निवांत

+१ पण एक सांगतो. जुनं तेल काढल्याने गिअरबॉक्स बिघडत नाही हे बरोबर, पण जुन्या गाडीत नवीन पातळ सिंथेटिक टाकलं की जिथे (तेल अडवणारे रबरी) सील आधीच कडक झालेत तिथून पाझरायला लागतं, आणि घट्ट तेलाने दाबून ठेवलेला आवाज ऐकू यायला लागतो. मग लोक म्हणतात तेल बदललं आणि बिघडलं. बिघडलेलं आधीपासूनच होतं हो.

खटपट्या

दुसऱ्या मिस्त्रीचं ऐका आणि जीएल-५ वर्गाचं गिअर ऑइल टाका, जीएल-४ जुनं झालं आता. मी सगळ्या गाड्यांत तेच टाकतो, आकडा मोठा म्हणजे तेल भारी, कशाला चर्चा.

आटे_गेले

@खटपट्या, आकडा मोठा म्हणजे भारी हे इथे चालत नाही, आणि या धाग्यातला खरा मुद्दा तोच आहे म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

गिअर बदलताना आत काय होतं बघा. तुम्ही दांडा दुसऱ्याकडे ढकलता तेव्हा दुसऱ्याचा गिअर एका वेगाने फिरत असतो आणि शाफ्ट वेगळ्या वेगाने. दोघांचा वेग जुळल्याशिवाय दात दातात जात नाहीत, गेले तर खर्रर्र. वेग जुळवायचं काम सिंक्रो रिंग करते. ती पितळेची (काहींत वेगळं मटेरियल असतं) निमुळती कडी, तिच्या आतून बारीक खाचा. ती गिअरच्या कोनावर दाबली जाते, खाचा मधला तेलाचा थर कापतात, घर्षण होतं, आणि त्या घर्षणाने गिअरचा वेग शाफ्टएवढा होतो. म्हणजे गंमत अशी की याच तेलाने दातांवर निसरडं राहायचं आणि रिंगेवर मात्र निसरडं राहायचं नाही. गिअर ऑइल निवडताना सगळी मारामारी याचीच आहे.

आता धागाकर्त्याचं सकाळचं दुखणं. गार तेल दाट असतं, रिंगेला तेलाचा थर पटकन कापता येत नाही, पकड उशिरा लागते, आपण तोवर जोर करतो. तेल तापलं, पातळ झालं, रिंग लगेच पकडते. आणि दुसराच गिअर का, तर पहिला ते दुसरा ही उडी सगळ्यात मोठी असते, वेग सर्वात जास्त उतरवायचा असतो, आणि गावात सगळ्यात जास्त वापरही त्याचाच. म्हणून दुसऱ्याची रिंग आधी झिजते, जवळपास सगळ्याच गाड्यांत.

जीएल-४ आणि जीएल-५ हे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे वर्ग आहेत. दोन्हींत गंधक-फॉस्फरसची रसायनं असतात, दाब फार वाढला की धातूवर थर धरून दात वाचवणारी. जीएल-५ मधे ती साधारण दुप्पट, कारण ते मागच्या डिफरन्शियलमधल्या (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गोळा) हायपॉइड गिअरसाठी आहे, तिथे दात एकमेकांवर घासत घसरतात. ही रसायनं पितळेवर दोन प्रकारे उठतात. एक म्हणजे तापलेलं गंधक तांब्याच्या मिश्रधातूला काळं करतं, खातं. दुसरं, तो थर पितळेला इतका घट्ट चिकटतो की निघताना पितळाची पापुद्री घेऊनच निघतो. रिंग रोज थोडी थोडी बारीक होत जाते, कळतही नाही. वर ते तेल रिंगेला निसरडंही पडू शकतं.

हे सगळ्याच जीएल-५ ला लागू नाही हेही खरं, हल्लीच्या बऱ्याच तेलांतली गंधकाची रसायनं सौम्य असतात आणि काही डब्यांवर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलेलं असतं. पण गाडीच्या बुकात जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ टाका, त्यात तोटा काहीच नाही.

खटपट्या

मग माझ्या गाडीच्या बुकात गिअरबॉक्सलाच जीएल-५ लिहिलंय त्याचं काय? कंपनी येडी का?

आटे_गेले

येडी नाही. गाडी सुबारू असेल तर तसंच असतं. तिथे इंजिन लांबीने बसवलेलं, पुढचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच डब्यात आणि ते हायपॉइड, तेल एकच, म्हणून जीएल-५, आणि रिंगाही ते धरूनच बनवलेल्या. धागाकर्त्याची गाडी आडव्या इंजिनाची, पुढची चाकं ओढणारी असेल तर डिफरन्शियल त्याच डब्यात असूनही त्याचे दात साधे तिरके असतात, हायपॉइड नाही, तिथे जीएल-५ ची गरजच पडत नाही. मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स वेगळा, मागचा गोळा वेगळा, दोघांची तेलं वेगळी. म्हणून म्हणतोय, बुक बघा. 'सगळ्या गाड्यांत तेच' असं होत नाही.

खटपट्या

बरं. हे माहीत नव्हतं. चालू द्या.

लांबचा_प्रवासी

माझ्या जुन्या होंडाच्या बुकात तर गिअरबॉक्समधे १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल टाका असं छापलंय, मला वाटलं छपाईची चूक.

आटे_गेले

चूक नाही, जुन्या होंडांना तसंच होतं, नंतर त्यांनी स्वतःचं वेगळं तेल आणलं. काही गिअरबॉक्स तर ऑटोमॅटिकच्या लाल तेलावर चालतात, बोर्ग-वॉर्नरचा टी-५ घ्या, आत कागदी अस्तराच्या रिंगा. त्यात कुणी ८०डब्ल्यू-९० ओतलं तर गार असताना गिअर पडायचा नाही.

आणि आकड्यांनी घाबरू नका, गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे. गिअर ऑइलचं ९० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक (तेलाचा दाटपणा मोजायचं एकक), आणि इंजिन ऑइलचं ४० म्हणजे १२.५ ते १६.३. दोन्ही जवळजवळ सारखीच पातळ-दाट. थंडीचा (डब्ल्यूच्या आधीचा) आकडा मात्र महत्त्वाचा, ७५डब्ल्यू तेल उणे ४० अंशांपर्यंत वाहण्याच्या मर्यादेत राहतं, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंतच. तुमच्याकडे तेवढी थंडी पडो न पडो, गार सकाळी ७५डब्ल्यू नक्कीच आधी मोकळं होतं.

शंकासुर

आटे_गेले, दंडवत घ्या. बुक शोधलं, जीएल-४, ७५डब्ल्यू-८०, २.१ लिटर. आता कसं करायचं तेही कुणीतरी सांगा, मी घरीच करणार.

पाना_सोळा

सांगतो. सगळ्यात आधी, आणि हे विसरलात तर बाकी वाचू नका, तेल सोडायच्या बोल्टला हात लावण्याआधी भरायचा बोल्ट ढिला करून बघायचा. भरायचा बोल्ट बाजूला वर असतो, वर्षानुवर्षं न उघडलेला, अॅल्युमिनियमच्या डब्यात गंजून बसलेला. तो निघाला नाही आणि खालून तेल सोडून बसलात तर गाडी तिथेच, टो करून न्यायची वेळ. निघत नसेल तर बोल्टच्या कडेने गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, मग पाना नीट बसवून पान्याच्या डोक्यावर हातोडीने दोनचार टोले, धक्क्याने सुटतो. बरेचसे आतल्या षटकोनाचे असतात, त्यात माती घट्ट बसलेली असते, ती टोकरून साफ केल्याशिवाय एलन पाना घालू नका, अर्धवट बसला की षटकोनाचा गोल होतो आणि मग वेल्डिंगवाल्याकडे. काही चौकोनी असतात, त्यात सॉकेटच्या दांड्याचं टोकच बसतं.

गाडी थोडी फिरवून आणा, तेल कोमट झालं की पटकन आणि गाळासकट उतरतं. पार उकळती नको, बोटं भाजतात. जॅकवर उचलून चारही बाजूंनी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही. आणि चारही का, तर तेलाची पातळी भरायच्या भोकाच्या कडेला मोजतात, गाडी पुढून वर आणि मागून खाली असेल तर पातळी खोटी येते.

खालचा बोल्ट काढा, निवांत गळू द्या, शेवटचे थेंब थांबेपर्यंत. गिअर ऑइलला कुजलेल्या अंड्यांसारखा वास येतो, गंधकाचा, कपड्याला लागला की जात नाही, जुने कपडे घाला. निघालेलं तेल मोजून ठेवा. नवीन वॉशर टाकून (तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा, जो असेल तो, काही बोल्ट निमुळत्या आट्यांचे असतात त्यांना वॉशर नसतोच) बोल्ट बुकातल्या आकड्याएवढाच आवळा, टॉर्क पाना असेल तर त्याने. अॅल्युमिनियमचे आटे एका जास्तीच्या ओढीत जातात. वरचे आटे_गेले नावातच ते घेऊन फिरतायत.

भरायला हातपंप, नाहीतर बॉनेटमधून खाली भोकापर्यंत एक लांब पाइप आणि वर नरसाळं. हळूहळू, दाट तेल वेळ घेतं. भोकातून बारीक धार यायला लागली की थांबा, धार थेंबांवर आली की बोल्ट लावा. काही गाड्यांना भरायचा बोल्टच नसतो, वरून स्पीडोमीटरच्या सेन्सरच्या भोकातून मोजून भरतात, बुक बघा.

तेलकट_हात

छान लिहिलंय, वाखुसा (वाचनखूण साठवली). दोन पुस्त्या माझ्याही. कुणी रॉकेल किंवा डिझेल टाकून 'आतून धुवून घ्या' म्हणेल, ऐकू नका. ते पूर्ण कधीच निघत नाही, बेअरिंगच्या कोपऱ्यात राहतं आणि नव्या तेलाला पातळ करतं. फारच काळं असेल तर तेच नवीन तेल थोडे दिवस चालवून परत एकदा बदला, तेच धुणं.

आणि गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला एक छोटी टोपी असते, श्वास घ्यायची, ती बघा. मातीने बंद झाली असेल तर तेल तापलं की आतली हवा फुगते आणि वाट मिळेल तिथून, म्हणजे सीलमधून, तेल बाहेर ढकलते. ही टोपी मोकळी न करता लोक सील बदलत बसतात. बोटाने फिरवून बघा, फिरली आणि थोडी वरखाली झाली तर ठीक.

निवांत

अवांतर: टोपीच्या भानगडीत माझ्या शेजाऱ्याच्या गाडीचे अॅक्सलचे सील बदलून झाले, पुन्हा गळलं, पुन्हा बदलले. मग टोपी साफ केली. पाणी पाणी झालं होतं घराबाहेर तेलाचं.

शंकासुर

झालं. वेळ लागला पण झालं.

भरायचा बोल्ट खरंच निघत नव्हता, स्प्रे आणि टोले या क्रमानेच सुटला, पाना_सोळा यांचे आभार. खालून जे निघालं ते काळपट, उन्हात धरलं तर आत सोनेरी चमक तरंगतेय. मोजलं तर जेमतेम दीड लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा जास्त गायब. अॅक्सलच्या उजव्या सीलभोवती तेल आणि मातीचा जाड पोपडा होता, तिथूनच गेलं असणार. वरची टोपी मातीने गच्च, ती ब्रशने साफ केली. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी चिखल बोटाच्या पेराएवढा, पुसला तर मऊ लागतो, त्यात दोन-तीन बारीक सुया हाताला टोचल्या. जाड तुकडा किंवा दाताचा कोपरा वगैरे काही नाही. जीएल-४ ७५डब्ल्यू-८० भरलं, धार येईपर्यंत.

हे सोनेरी म्हणजे काय? आणि सुया वाईट का?

आटे_गेले

राखाडी मऊ चिखल म्हणजे लोखंडाचा बारीक कीस, अडीच लाखाला साहजिक आहे. दोन-तीन सुयांनी मी झोप उडवून घेणार नाही, पण पुढच्या वेळी वाढल्या तर बघावं लागेल. सोनेरी चमक चुंबकाला लागत नाही ना? मग ते पितळ, तुमच्या सिंक्रो रिंगा. दुसऱ्याची रिंग झिजली आहे हे आता नक्की धरा. तेलाने तिची पकड थोडी सुधारेल, पण झिजलेलं पितळ परत येत नाही. कुणी मॉलिब्डेनमवालं 'गिअर स्मूथ' औषध विकायला आला तर हात जोडा, निसरडेपणा वाढवणारी वस्तू रिंगेला नकोच आहे.

दीड लिटरवर चालत होती हे जास्त गंभीर वाटतं मला. पाचवा बऱ्याच डब्यांत शाफ्टच्या टोकाला, वर असतो, पातळी उतरली की पहिला उपाशी तोच राहतो. तुमचा हूंऽऽ त्याचाच असू शकतो.

शंकासुर

आठवडा झाला. सकाळी दुसरा अजून जरासा अडतो पण खर्रर्र नाही, दांडा मऊ झालाय, तिसरा-चौथा तर लोण्यात... पाचव्यातला हूं मात्र जसाच्या तसा. आणि एक नवीन लक्षात आलं, पहिल्यापासून होतं बहुतेक, गाडी उभी असताना रिव्हर्स टाकला की कधीकधी खर्र करतो.

पाना_सोळा

रिव्हर्सची ही चाचणी करा. गाडी तापलेली, न्यूट्रलमधे, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबा आणि दाबून ठेवूनच चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो म्हणून लगेच टाकला तर खर्र करणं साहजिक, पण एवढं थांबूनही करत असेल तर आतला शाफ्ट थांबतच नाहीये, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये. तसं असेल तर तुमच्या दुसऱ्या गिअरच्या त्रासातला अर्धा वाटा क्लचचा, बिचाऱ्या रिंगेला इंजिनाशीही झगडावं लागतं.

आणि हूं साठी: न्यूट्रलमधे उभ्या गाडीत आवाज येतो का, आणि क्लच दाबल्यावर जातो का? जात असेल तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. फक्त पाचव्यात, चालत्या गाडीतच येत असेल तर पाचव्याचे दात किंवा त्याचं बेअरिंग. ते तेलाने जाणार नाही, पण बारीक आवाजावर गाड्या वर्षानुवर्षं चालतात. वाढतोय का त्याकडे कान ठेवा.

शंकासुर

केली चाचणी. थांबूनही रिव्हर्स खर्र करतोच. आवाज न्यूट्रलमधे नाही, फक्त पाचव्यात. क्लच हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) आहे, त्याच्या तेलाच्या डबीत बघितलं तर त्याचं तेलही कॉफीच्या रंगाचं, तेही आधीच्या मालकाचंच असणार.

तेलकट_हात

मग आधी क्लचचं तेल बदलून हवा काढा, ते सोपं आणि स्वस्तातलं काम. पॅडलजवळच्या मास्टर सिलिंडरखाली (पॅडल दाबलं की तेल ढकलणारा) ओलं आहे का आणि खाली गिअरबॉक्सवरचा स्लेव्ह सिलिंडर (त्या दाबाने क्लच सोडवणारा) पाझरतोय का तेही बघा, त्याचं रबर वर करून. गिअरबॉक्स उघडायची भाषा त्यानंतर. त्या उजव्या सीलखाली पाझर कळायला एखादा कागद ठेवा, टोपी मोकळी झाल्यावर कदाचित आपोआप थांबेल पाझरणं, नाही थांबलं तर सील बदला आणि तोवर अधूनमधून पातळी तपासत राहा.

शंकासुर

हो, करतो. क्लचसाठी वेगळा धागा काढतो, इथे फार लांबलं. उरलेलं अर्धा-पाऊण लिटर तेल राहील का पुढच्या वेळेसाठी?

निवांत

झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा, राहील. पातळी भरायला तेच लागेल तुम्हाला. आणि निघालेलं काळं तेल गटारात नको, जुनं तेल गोळा करणाऱ्यांकडे द्या.